शपथपत्राचं तिसरं कलम

नत्थू दारात आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. दुसऱ्या दिवशी सुनावणी, आणि ज्याच्याविरुद्ध सुनावणी तोच माणूस आदल्या दुपारी चपला काढून आत येतो, म्हणजे काहीतरी शिजलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी आधी त्याला पाणी दिलं आणि गॅसवर चहा ठेवला. आमच्याकडे भांडायचं असलं तरी चहा पाजूनच भांडतात.

नत्थू माझ्या नवऱ्याच्या गावचा, भंडाऱ्याकडचा. दोघं एकाच वर्षी भिलाईला आले. देवराव स्टील प्लांटात कायम झाले, कोक ओव्हनला लागले. नत्थू ठेकेदाराकडे राहिला तो राहिलाच. तीन वर्षांपूर्वी त्याच्या पायावर लोखंडी प्लेट पडली, तेव्हापासून लंगडतो, आणि लंगड्याला ठेकेदार कशाला ठेवेल? देवराव आजारी पडले तेव्हा रक्त यानंच दिलं होतं. यातलं मी काहीही विसरलेली नाही. म्हणून तर राग जास्त होता. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

झालं होतं असं की सरकारनं नवी योजना काढली. बेरोजगारांना धंदा मिळावा म्हणून टाउनशिपभर पान-तंबाखूची बेचाळीस नवी दुकानं. पत्र्याच्या गुमट्या, सगळ्यांना एकच हिरवा रंग, परवाना सरकारचा. यादी झोन ऑफिसच्या फळ्यावर लागली. सातव्या नंबरवर नत्थूचं नाव, आणि जागा आमच्या सेक्टर 2 मध्ये, प्राथमिक शाळेच्या रस्त्यावर.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. मग झोन ऑफिसवाल्यांनी टेप लावला आणि मोजलं. एकशे बारा यार्ड भरलं. झालं, कायदा पाळला! बारा यार्ड म्हणजे किती, तर माझ्या क्वार्टरच्या पुढच्या दारापासून मागच्या न्हाणीपर्यंत. एवढ्या अंतरात पोरं शहाणी होतात, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा शाळा सुटल्यावर तिथं उभं राहून दाखवावं.

मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. देवरावांचा जबडा मी पाहिला होता. खर्रा खायचे ते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला, नागपूरकडचा खर्रा. दिवसाला सहा पुड्या, सुट्टी असली की आठ. आधी गालाच्या आत पांढरा डाग आला, त्याचा फोड झाला, मग भोक पडलं, मग डाव्या बाजूचा जबडाच काढला. सहा महिने त्यांनी नाकातल्या नळीनं जेवण घेतलं. ज्या माणसाला माझ्या हातची वांग्याची भाजी तिखटच लागायची, त्याला मी मिक्सरमधून काढलेलं वरण सिरिंजनं भरवलं. गेल्याला दोन वर्षं झाली. अजून कोणी दारात खर्रा घोटत उभा राहिला तर माझे हात शिवशिवतात.

तर आम्ही सेक्टरातल्या सात बायका उभ्या राहिलो. सोबत नागसेन मेश्राम सर, शाळेतून रिटायर झालेले, कागदपत्रात हुशार. नियम असा होता की मोहल्ल्यातले निदान पाच आक्षेप असले तरच सुनावणी, नाहीतर दुकान मंजूर. सरांनी प्रत्येकीचं शपथपत्र लिहिलं. कलम एक, मी इथली रहिवासी आहे. कलम दोन, हे दुकान शाळेच्या रस्त्यावर आहे आणि त्यानं मुलांच्या आरोग्याला धोका आहे. कलम तीन सरांनी स्वतःच्या डोक्यातून घातलं: मी कोणत्याही स्वरूपात तंबाखूचं सेवन करत नाही.

"यानं वजन येते," सर म्हणाले होते. "खानाऱ्यायनं विरोध केला तं लोकं हासतीन. आपले हात साफ पायजे."

सातही जणींनी सह्या केल्या. पहिली सही माझी.

नत्थूनं चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"वयनी, उद्या माघार घेऊन टाका."

"मजाक करून राहिला का तू?"

"मजाक नाई. मी तुमचे कागद पायले झोन ऑफिसात. तिसरं कलम वाचलं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "वयनी, सकाळी तुमी काय घासता?"

मी म्हटलं, "मंजन."

"त्याले गुडाखू म्हनते."

कुकरची शिट्टी शेजारच्या घरात वाजली, ती मला माझ्या कानात वाजल्यासारखी वाटली.

आता हे सांगायलाच हवं. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ कुटून केलेला काळा, ओलसर गोळा. बोटावर घ्यायचा, दातांना आणि हिरड्यांना घासायचा, थोडा वेळ ओठाखाली राहू द्यायचा आणि थुंकायचा. छत्तीसगडमध्ये घरोघरी चालतो आणि बायकांत जास्त. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी शिकवला. म्हणाल्या, पोट साफ होते, डोकं हलकं रायते. अठ्ठावीस वर्षं झाली. आम्ही त्याला मंजन म्हणायचो, आणि खरं सांगते, तंबाखू हा शब्द त्याच्याजवळ कधी फिरकलाच नाही. तंबाखू म्हणजे पुरुष खातात ते. पिचकारी मारतात, भिंती रंगवतात ते. आमचं आपलं सकाळचं, न्हाणीतलं, दात घासायचं काम. सातजणींनी शपथपत्रावर सही केली तेव्हा एकीचाही हात थांबला नाही तो यामुळेच.

पण मी पूर्ण खरं सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगते. डबीवर कॅन्सरच्या तोंडाचं चित्र असतं. देवरावांचं ऑपरेशन झाल्यावर मला ते चित्र बघवेना. तेव्हापासून मी डबी आणली की गुडाखू क्रीमच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायची आणि डबी कचऱ्यात टाकायची. ज्या बाईला काहीच माहीत नाही ती असं कशाला करेल? कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही.

"चंदा आनून देते तुमाले भिलाई-3च्या बाजारातून," नत्थू म्हणाला. चंदा म्हणजे त्याची बायको. "दर आठ दिवसाले एक डबी. उद्या साहेबासमोर मी इचारीन, का बाई, तुमी काय घासता. दामिनी बी रायीन तिथं."

दामिनी माझी मुलगी. चोवीस वर्षांची, सुपेल्याच्या एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांची तोंडं बघते आणि घरी येऊन खर्राखाऊंना शिव्या घालते. बापासाठी तिनं कॉलेजचं एक वर्ष सोडलं होतं. तिला माझ्या बाटलीचं काही माहीत नव्हतं.

"धमकी देऊन राहिला तू मले? माह्याच घरात बसून?"

"धमकी नाई वयनी, पोट हाय." तो उठला. उठताना त्यानं भिंतीला हात लावला, नाहीतर त्याला उठता येत नाही. "तीन वर्सांपासून घरी बसून हाय मी. चंदा चार घरचे भांडे घासते. पहिल्यांदा सरकारनं कायतरी देलं, तं त्याच्यातबी तुमीच आडव्या. दुसऱ्या कोनी बाईनं केलं असतं तं मले एवढं लागलं नसतं."

माझ्या मनातलंच वाक्य तो मला ऐकवून गेला. चहा त्यानं अर्धा तसाच ठेवला.

मी तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि थेट सरांकडे गेले. जाताना अन्नपूर्णाबाईंना सोबत घेतलं. सरांच्या व्हरांड्यात बसून मी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुमी एकट्याच का?"

अन्नपूर्णाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी बी घासतो सर. पन ते मंजन हाय."

मग एकेकीचं नाव निघालं. सातातल्या पाचजणी! सर भिंतीकडे बघत राहिले. ज्या माणसानं चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली.

"पाच शपथपत्रं खोटे. म्हंजे उरले दोन," ते म्हणाले. उरलेल्या दोघींत एक दामिनी होती. "दोघीवर सुनावनीच होत नाही. दुकान मंजूर."

"मंग?"

सरांनी फाटकाकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "नत्थूपाशी पुरावा काय हाय? कायबी नाही. त्यानं इचारलं तं तुमी नाही म्हना. ठाम म्हना. लेकरायसाठी म्हना."

"सर, खोटं?"

"मथुराबाई, मले दुसरा रस्ता दिसून राहिला नाही. तुमाले दिसत असन तं सांगा."

मला दिसत नव्हता. घरी आले, स्वयंपाक केला, दामिनीला वाढलं. ती उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून येणार होती. "आई, कल तू एकदम खुलके बोलजो हां," ती म्हणाली. "डरनेका नाही." मी हो म्हटलं आणि ताट उचललं.

सकाळी उठल्याबरोबर मी ठरवलं की आज बाटलीला हात लावायचा नाही. निदान ज्या दिवशी शपथेवर उभं राहायचं त्या दिवशी तरी शपथ खरी असावी. कडुलिंबाची काडी चावली. सात वाजेपर्यंत ठीक होतं. आठ वाजता डोकं ठणकायला लागलं, हात थरथरायला लागले, पोट दगडासारखं. दामिनीला वाटलं मी सुनावणीला घाबरले. तिनं मला लिंबूपाणी करून दिलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

नऊ वाजता मी न्हाणीची कडी लावली.

लाज वाटते सांगताना. लोकांना अक्कल शिकवायला निघालेली बाई आणि सात ते नऊ एवढंसुद्धा धरवलं नाही तिला. घासून झाल्यावर डोकं शांत झालं, आणि त्या शांततेत मला स्वतःची एवढी किळस आली की मी चूळ भरतच राहिले, भरतच राहिले. मग बाटली टाकायला हात उचलला. पण टाकली नाही, पर्समध्ये ठेवली. तेव्हा काय विचार केला होता ते विचाराल तर सांगता यायचं नाही. कदाचित दुपारी परत लागेल म्हणूनच ठेवली असेल.

झोन ऑफिसचा हॉल गच्च भरला होता. वर आठ पंखे आणि चालू दोन, तेही साहेबांच्या डोक्यावरचे. सुनावणी घेणारे साहेब पन्नाशीचे, शांत माणूस, आवाज चढवायची गरज नसलेला. दामिनी दुसऱ्या रांगेत बसली. नत्थू भिंतीजवळ, दुखरा पाय लांब करून. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली.

आधी सर उभे राहिले. आकडे सांगितले, आजार सांगितले, शाळेचा रस्ता सांगितला. चांगलं बोलले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग पेन खाली ठेवून एकच प्रश्न विचारला.

"गुरुजी, एक बात बताइए. दुकान नहीं रहेगी तो क्या लोग खाना छोड़ देंगे? जिसको खाना है वो दस किलोमीटर जाके भी खाएगा. फिर इस गरीब की रोजी क्यों रोकें?"

हॉलमध्ये कोणीतरी "सही बात" म्हणालं. सरांनी परत आकडे सांगायला सुरुवात केली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मला कळलं की आपण हरलो. कागद बरोबर असून हरलो, कारण त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळ उत्तरच नव्हतं. मग नत्थूला विचारलं, त्यानं आपला पाय सांगितला, ठेकेदार सांगितला. लोक हळहळले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आक्षेप क्रमांक एक. मथुरा कापगते."

मी टेबलासमोर गेले. साहेबांनी माझं शपथपत्र मोठ्यानं वाचलं. कलम एक. कलम दोन. कलम तीन वाचताना मला मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नत्थू उठत होता. त्याला उठायला वेळ लागतो.

"यह सब सच है?"

मी मागे वळून पाहिलं. सर मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा. दामिनी माझ्याकडे बघून हसली, धीर द्यायला. हो म्हटलं तर नत्थू बोलणार, मी नाकारणार, आणि पोरगी माझ्यावर विश्वास ठेवणार. सगळ्यांत वाईट हेच होतं की ती विश्वास ठेवणार.

आणि त्याच क्षणी, कसं ते देव जाणे, मला साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर आठवलं. ते माझ्याजवळच होतं. अडीच वर्षांपासून मी ते दाबून ठेवलं होतं.

"साहब, तीसरा नंबर झूठ है," मी म्हटलं.

मी पर्समधून बाटली काढली, झाकण उघडलं आणि टेबलावर ठेवली. वास साहेबांपर्यंत गेला असावा, त्यांनी मान मागे घेतली. "गुडाखू है. अट्ठाईस साल से घिसती हूँ. आज सुबह भी घिसा."

मागे सरांनी "अरे बापरे" म्हटलेलं मला ऐकू आलं. दामिनीकडे बघायची हिंमत झाली नाही.

साहेबांनी शपथपत्र बाजूला सारलं. झूठा शपथपत्र देना गुनाह है, माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं माहीत आहे. ते म्हणाले, आपका आक्षेप खारिज.

"खारिज करा," मी म्हटलं. घाबरले की माझी हिंदी पळून जाते. "पन तुमी सरायले जे इचारलं, त्याचं उत्तर माह्यापाशी हाय. तेवढं लिहून घ्या."

त्यांनी हातानं बोला अशी खूण केली. मग मी बोलले. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, जसं आलं तसं.

देवरावांना आम्ही ऑपरेशनसाठी रायपूरला नेलं होतं. हॉस्पिटल नवं, गावाबाहेर, चारी बाजूंना मोकळी शेतं. गडबडीत माझी डबी घरी राहिली. तिथं जवळपास काहीच मिळत नव्हतं आणि नवऱ्याला सोडून मी दूर जाणार कशी? पहिले दोन दिवस डोकं फुटायची वेळ आली. मी वॉर्डाच्या भिंतीला कपाळ टेकवून बसायची. नर्सला वाटायचं नवऱ्यासाठी रडते. चौथ्या दिवशी जरा बरं वाटलं. सातव्या दिवशी झोप लागली. दहाव्या दिवशी मला मंजनाची आठवणसुद्धा आली नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सुटलं होतं.

"बाराव्या दिवशी गेटसमोर एक गुमटी लागली," मी म्हटलं. "नवीन. मी नवऱ्यासाठी नारळपानी आनाले गेली होती. नारळवाल्याच्या बाजूलेच होती ते गुमटी. समोरच डब्या मांडून ठेवल्या होत्या. मी नारळपानी घेतलं आन् डबी घेतली. हॉस्पिटलच्या न्हानीत जाऊन घासलं, आन् त्याच हातानं नवऱ्याच्या नळीत नारळपानी सोडलं."

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, चालत नव्हतं.

"तुमी म्हनता खानारा दस किलोमीटर जाईन. मी गेली नसती साहेब. अकरा दिवस मी कुठीच गेली नाई. मी दोनशे पावलं गेली. फक्त दोनशे. ते गुमटी तिथं नसती तं माही सवय सुटली होती. मी पन्नास वर्सांची, समोर नवऱ्याचा जबडा कापलेला, तरी मले थांबता आलं नाई. आन् तुमी आठ वर्साच्या पोट्ट्यायसाठी एकशे बारा यार्ड मोजून ठेवले."

एवढं बोलून मी बाटलीचं झाकण लावलं.

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग नत्थूकडे पाहिलं. "आपको कुछ कहना है?"

नत्थू उभाच होता, खुर्चीच्या पाठीला धरून. माझ्याविरुद्ध जे बोलायला तो आला होता ते मीच बोलून टाकलं होतं. मला वाटलं आता हा मला झोडपणार, खोटारडी म्हणणार. त्याचा हक्क होता.

"मुझे दुकान चाहिए साहब," तो म्हणाला. "तमाखू की ही चाहिए, ऐसा मैंने कब बोला? वो तो फारम में लिखा था."

साहेब म्हणाले, योजनेत तोच एक प्रकार आहे. मग त्यांनाच ते वाक्य कसंसं वाटलं असावं, कारण त्यांनी घसा खाकरला आणि कागद उलटसुलट केले. शेवटी निकाल सांगितला. माझा आक्षेप रद्द. खोट्या शपथपत्राबद्दल मला नोटीस येऊ शकते. माझं बोलणं मात्र जबाब म्हणून नोंदवलं. बाकी सहा आक्षेप कायम, आणि जागा क्रमांक सात पुढच्या आदेशापर्यंत स्थगित. नत्थूच्या अर्जावर दुसऱ्या मालासाठी विचार व्हावा, असा शेराही त्यांनी मारला. उरलेली एक्केचाळीस दुकानं होणार ती होणारच.

सहा आक्षेपांतले चार कसे होते ते मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. ज्याचं तोंड त्यानं उघडावं, मी फक्त माझं उघडलं होतं. अन्नपूर्णाबाई माझ्या शेजारून गेल्या, पण मला ओळख दाखवली नाही. सरांनी जवळ येऊन माझे हात धरले, मग चष्मा पुसत निघून गेले.

नत्थू दाराशी थांबला होता. "नारळपान्याची गोष्ट मले मालूम नव्हती वयनी," तो म्हणाला.

"कोनालेच नव्हती."

तो मान हलवून पायऱ्या उतरायला लागला, एकेक पायरी, कठड्याला धरून. त्याचं दुकान मी घालवलं होतं आणि त्याच्याकडे बघून मला जिंकल्यासारखं काही वाटेना. शाळेकडे जाणारी पोरं डोळ्यांसमोर आणली, तेव्हा कुठं जरा श्वास आला.

दामिनी जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे होते. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"नारळपानी आन, असं तुले मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "याद आहे?"

"हाव."

"मी बाबांपाशी बसली होती. तू किती देर लावली होती. मले वाटलं, आई बाहर जाके रोती होगी, रोने दो." तिनं पर्स उघडली, दवाखान्यातला हातमोजा काढला आणि उजव्या हातावर चढवला. "तोंड उघड."

"इथं? लोकं जाऊन राहिले, दामिनी. घरी पाहू."

"इथंच. आत्ता."

तो आवाज मी ओळखत होते. दवाखान्यात पेशंट टाळाटाळ करतात त्यांच्याशी ती असं बोलत असणार. मी भिंतीला पाठ लावली. तिनं मोबाइलचा टॉर्च लावला. पायऱ्यांवरून माणसं चढत-उतरत होती, कोणी वळून बघत होतं. तिनं आधी गाल तपासले, डावा, मग उजवा. जिभेखाली पाहिलं. हात अगदी हलका होता तिचा. मग खालचा ओठ दोन बोटांनी धरून पुढं ओढला आणि आत उजेड टाकला.

तिची बोटं थांबली.

तिनं मोबाइल जवळ आणला. मग आणखी जवळ. तिचा श्वास माझ्या हनुवटीला लागत होता. मला वाटलं आता ती ओरडेल, खाली गेलेल्या नत्थूलासुद्धा ऐकू जाईल. पण ती अगदी हळू बोलली.

"आई, ये सफेद क्या है? कबसे है ये?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. म्हटलं असतं तर तिनं मानलंही असतं.

"दिवाळीपासून," मी म्हटलं. ओठ तिच्या बोटांत होता, शब्द नीट निघाला नाही. तिनं परत विचारलं, आणि मला परत सांगावं लागलं.